चाल खंयची?

रघुबुवांनी माझ्या वडिलांना फसवलं. भजनाच्या भर बारीत, माइकसमोर, सगळ्या चाळीच्या देखत फसवलं, आणि फसवताना त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळसुद्धा हलली नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्याकडे असली गोष्ट सांगताना लोक आधी संपाचं सांगतात, उपासमारीचं सांगतात, 'त्या दिवसांत कोणाचं डोकं ठिकाणावर होतं' असं म्हणतात, आणि ज्यानं केलं तो माणूस त्या सगळ्या दुःखाच्या मागे लपून सुटतो. मी कोणाला सहजासहजी सोडत नाही. लालबागच्या बाजारात मिरचीवाले मला लांबून बघितलं की गोणीतली वरची मिरची आपणहून बाजूला करतात. ही बाई गोणीच्या तळापर्यंत हात घालणार, हे त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलं आहे.

आम्ही घरात तिघं: आई, बाबा आणि मी. बाबा, म्हणजे वासुदेव, गिरणीत साच्यावर, कापड विणायच्या मागावर, होते. तरुणपणी दादरला पास्कल मास्तरांच्या क्लासात झाडलोट करता करता ते व्हायोलिन शिकले होते, आणि लग्नात आईनं आणलेल्या भांड्यांपेक्षा त्या लाकडी पेटीला आमच्या खोलीत जास्त मान होता. गिरण्या चालू होत्या तोवर ते वाजवतात हे चाळीला माहीत होतं, पण ऐकू कोणाला येत नव्हतं. संप लागला, आणि सगळा लालबाग गप्प झाला, तेव्हा पहिल्यांदा ते सूर चार खोल्या पलीकडे जाऊ लागले. ऐकणाऱ्यांनाही दुसरं काही काम नव्हतं. पुरुष गॅलरीत बसून असायचे, पायऱ्यांवर बसून असायचे, आणि कोणी काही नवीन बातमी आणली की उठून पुन्हा तिथेच बसायचे.

आईनं तेव्हा लोकांचा मसाला करून द्यायला घेतला. आज माझ्या दुकानावर जे नाव आहे ते तिचंच. मिरच्या गच्चीत वाळवायच्या, देठं काढायची, धणे, खसखस, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि रस्त्यापलीकडे डंकावर नेऊन कुटून आणायचं. डंकाचा आवाज दिवसभर यायचा, एकामागून एक जड लोखंडी घाव, जमीन हलवणारे. बाबा म्हणायचे, फुकटचा तबलजी मिळालाय. मिरच्या भाजताना सगळी चाळ शिंकायची, तेव्हा ते ओला रुमाल नाकातोंडावर बांधून वाजवायचे, दरोडेखोरासारखे. घरात मात्र जेवायला पेज आणि भाजलेली सुकट. कधी कुळथाची पिठी. लोकांचा मसाला डब्यात भरून दारापाशी ठेवलेला असायचा आणि आमच्या कालवणात चिमूटभर तिखट. आई त्यातलं एक बोट चाखत नसे. बाजारात भाव करायला मात्र तिनं मला पाठवायला सुरुवात केली, कारण तिला समोरच्याची दया यायची आणि मला राग यायचा.

पास्कल मास्तर गिरगावातल्या एका वाडीत राहत. बारीक अंगाचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशात घडी करून ठेवलेला काळा बो. हॉटेलांत आणि सिनेमाच्या गाण्यांत त्यांनी आयुष्यभर वाजवलं होतं. एका सकाळी ते दारात उभे राहिले. त्यांच्या चौघांच्या तंतुवाद्यांच्या संचातला दुसरा व्हायोलिनवाला आखातात निघून गेला होता. 'वासू, येतोस? मोठ्या लोकांच्या पार्ट्या. काळी पँट जाय मात्र.' काळी पँट बाबांकडे नव्हती. आईनं त्यांची खाकी पँट मोठ्या टोपात काळा रंग घालून उकळली, आणि ते टोप पुढे कितीतरी दिवस भाताला राखाडी झाक देत राहिलं.

वाजवायचं काय, तर इंग्रजी रॉकची गाणी. त्या वर्षी मलबार हिलकडच्या श्रीमंतांत ते एक खूळ निघालं होतं: मुलांनी परदेशातून आणलेली धांगडधिंग्याची गाणी दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो घेऊन अशी वाजवायची की जणू जुन्या युरोपातल्या राजाच्या दरबारात बसलोय. मास्तरांनी एक छोटा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यांनी बटण दाबलं आणि आमच्या खोलीत ढोल, गिटारींचा चिरका गदारोळ आणि कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडणारा माणूस, असं सगळं एकदम घुसलं.

आई कढईपाशी होती. 'ह्या मेल्याच्या पोटात दुखता काय?'

मास्तर हसले. त्यांनी टेप बंद केला, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि तेच गाणं वाजवलं. ढोल नाही, ओरडणं नाही, अगदी संथ. खाली खाली उतरत जाणारी एक ओळ होती, पायरी चुकलेल्या माणसानं जपून पाय टाकावा तशी. तळाशी पोचून ती थांबे आणि पुन्हा वरून सुरू होई. आईचा उलथनं धरलेला हात थांबला. धणे करपले. तिचे धणे करपलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

'किरवाणी रागात बसता,' बाबा म्हणाले.

'काय पण म्हण,' मास्तर म्हणाले. 'त्या पोरग्याचो मित्र मेला, म्हणून तो बोंब मारता. आपण बोंब काढून टाकायची. मग उरतं तां गाणं.'

पहिल्या काही पार्ट्यांना मी बाबांबरोबर गेले. ते कोणालाही कशालाही हो म्हणायचे, म्हणून आईनं मला बरोबर दिलं. समुद्रासमोरच्या एका बंगल्यात वाजवणाऱ्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर उष्ट्याच्या टोपांशेजारी जेवायला बसवत होते. मी त्या कंत्राटदाराला म्हटलं, आमची माणसं टेबलावर बसून जेवतील, आणि पाहुण्यांच्या आधी जेवतील, नाहीतर मी आत्ता त्यांची व्हायोलिनं पेटीत घालते आणि तुम्ही तुमच्या पाहुण्यांना वाट्या वाजवून दाखवा. तो म्हणाला, 'ये लडकी किसकी है?' बाबा भिंतीकडे बघत होते. टेबल मिळालं. पुढच्या वेळी न मागता मिळालं. भाव कसा करायचा हे मी मिरच्यांवर शिकले असं सगळ्यांना वाटतं. मी ते त्या बंगल्याच्या मागच्या दारात शिकले.

ऐकणाऱ्यांची तोंडं बघायची सवय मला तिथेच लागली. सुरुवातीला कोणी बघायचंच नाही. व्हायोलिन म्हणजे फुलदाणीसारखं कोपऱ्यात असायचं. मग कोणाच्या तरी भुवया आक्रसायच्या, काट्याला टोचलेला घास तोंडापाशी थांबायचा, आणि एकदम चेहरा उघडायचा: ओळखलं! शेजाऱ्याला कोपर, मग हशा, मग तो शेजारीही ओळखायचा. एक गृहस्थ तर काटा गिटारसारखा धरून मान हलवायला लागले. एक म्हातारे पारशी बावाजी मात्र संतापून मास्तरांपुढे येऊन उभे राहिले. 'मास्टर, तमे बी? मारा छोकराना रूमनो कचरो चांदीनी डिशमां?' मास्तरांनी वाकून त्यांना काहीतरी जुनं, त्यांच्या आवडीचं वाजवून दाखवलं. बावाजी खूश होऊन गेले, ते पुन्हा ऐकायला थांबले नाहीत.

परत येताना बाबा म्हणाले, 'ती माणसं गाणं ओळखतात, आणि ओळखलं की सोडून देतात. पुढचं कोणी ऐकत नाही.' त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कापडातला दोष दाखवावा तसं त्यांनी ते सांगितलं.

चाळीत उलटं होतं. तिथे कोणी काही ओळखतच नव्हतं. बाबा सकाळी गॅलरीत रियाजाला बसायचे आणि मिरच्यांची देठं काढायला बसलेल्या बायका ऐकायच्या. शेजारची पारूकाकी म्हणाली, तिच्या माहेरच्या देवळात पालखी आत जाताना असंच काही वाजतं. समोरचे पैलवान म्हणाले, हे नाटकातलं पद आहे, शब्द ओठावर आहेत पण येत नाहीत, आणि दोन दिवस ते शब्द शोधत हिंडले. पारूकाकीचा दिनू, बाबांच्याच खात्यात नव्यानं लागलेला, संपात घरी बसलेला, तो काहीच बोलायचा नाही. कठड्याला टेकून शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, 'काका, तां खालपर्यंत जाता ना, तां परत एकदा.' बाबा परत एकदा वाजवायचे.

कोणी विचारलं तर बाबा सांगतही होते. 'इंग्रजी आसा.' लोकांना ती थट्टा वाटायची. इंग्रजी म्हणजे काय, ते हॉटेलातलं, नाचायचं. हे कसं इंग्रजी असेल?

रघुबुवा आमच्या भजनी मंडळाचे बुवा. गिरणीत क्लार्क होते, गळा गोड, जीभ त्याहून गोड. डबलबारीत, म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसून भजनातून एकमेकांना कोंडीत पकडतात त्या सामन्यात, त्यांचा हात धरणारा लालबागला कोणी नव्हता. बाबा त्यांच्या मंडळात हार्मोनियमच्या मागे बसून व्हायोलिनची साथ करायचे. असली साथ दुसऱ्या कुठल्याच मंडळात नव्हती, त्यामुळे बुवांना तिचा अभिमानही होता आणि तिच्या गुणगुणण्याची थट्टाही तेच करायचे, 'आमची कोकणातली माशी' म्हणून.

त्या दुपारी मी खोलीतच होते, पाटावर बसून लसूण सोलत होते. बुवा दारात आले आणि बाबा वाजवत होते ते ऐकत उभे राहिले. संपेपर्यंत आत आले नाहीत. मग बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले:

'वासू, ही चाल कोणाची?'

'इंग्रजी आसा, बुवा. ते लांब केसवाले असतात ना, गिटार घेऊन बोंबलतात, त्यांची. पास्कल मास्तरांनी बसवलीय.'

'खरां काय?'

'टेप आसा. लावू?'

'नको, नको.' बुवा हसले. 'मूळ ऐकून कित्याक मन विटाळू? माका दी ती. अभंग घालतंय त्यावर.'

'लोक काय म्हणतील?'

'देवाक इंग्लिश कळना नाय, असा कोण म्हणता?' बुवा म्हणाले, आणि आईकडे बघून मोठ्यानं हसले. आईही हसली. मी हसले. लसणाच्या वासात आम्ही चौघंही हसलो.

हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं आहे. 'देवाक इंग्लिश कळना नाय, असा कोण म्हणता?' माझं सगळं भांडण या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते जसंच्या तसं लिहिलं.

बुवांनी अभंग घातला आणि तो त्या चालीत असा बसला की जणू तिच्यासाठीच लिहिला होता. हे मान्य करायला मला त्रास होतो, पण मालाची पारख मला आहे. मंडळाच्या तालमीला लोक जिन्यापर्यंत बसू लागले.

मग दिनू गेला. कसा गेला ते पारूकाकीनं कधी कोणाला सांगितलं नाही आणि मीही इथे लिहीत नाही. त्याचं लग्न ठरलेलं मोडलं होतं आणि घरातली पितळेची घागर मोडीत गेली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पारूकाकी रडली नाही. प्रेत उचललं तेव्हा नाही, दहाव्याला नाही. बायका घाबरल्या. तिच्यासमोर मुद्दाम त्याचं नाव काढायच्या, त्याचा सदरा ठेवायच्या, ती तो घडी करून परत द्यायची. तेराव्याला दुपारी मंडळ भजनाला बसलं. बुवांनी तोच अभंग घेतला. पहिलं कडवं झालं आणि बुवा थांबले, बाबांना खूण केली, आणि नुसतं व्हायोलिन वाजू लागलं. खाली खाली, त्या पायऱ्यांवरून. तळाशी जाऊन बाबा थांबले आणि त्यांनी ते परत एकदा वाजवलं. तेव्हा पारूकाकीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजपर्यंत विसरलेले नाही. ती रडली ती संध्याकाळपर्यंत. बायका तिला धरून म्हणत होत्या, रड बाय, रड. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. हात धुऊन बसले, ताट समोर, आणि मग आईला म्हणाले, 'उचल.'

आता माझ्या मावसबहिणीची मुलगी, माझी भाची, फोनवर मला असली गाणी लावून देते. परवा तेच लावलं. परदेशातल्या चार मुली, काळे झगे, कुठल्याशा दगडी चर्चमध्ये बसून तेच वाजवत होत्या. खाली ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं होतं, जगभरातून. कोणी लिहिलं होतं, माझ्या भावाच्या अंत्यविधीला हेच लावलं. कोणी लिहिलं होतं, तुम्ही एका महान गाण्याचा सत्यानाश केला, लाज वाटू द्या. कोणी लिहिलं होतं, आवडलं, पण ढोल कुठे आहेत? भाची वाचून दाखवत होती आणि मी म्हणत होते, पुढचं वाच, पुढचं. ती कंटाळली. मी तिला सांगितलं नाही की यातलं प्रत्येक वाक्य मी आमच्या गॅलरीत ऐकलं आहे, मिरच्यांची देठं काढताना.

दिनूच्या तेराव्यानंतर काही आठवड्यांनी डबलबारी ठेवली होती काळाचौकीच्या मंडळाशी, एका रविवारी दुपारी. संपात बाऱ्या दिवसाढवळ्या होऊ लागल्या होत्या, सकाळी उठून पाळीवर कोणाला जायचं होतं? मैदानात कापड बांधलेलं, बायका एका बाजूला, चणे विकणारे फिरतायत. बारीत सिनेमाच्या गाण्याची चाल अभंगाला लावलेली चालते, सगळेच लावतात. रिवाज एवढाच, की समोरच्या बुवानं 'चाल खंयची?', म्हणजे कुठली, असं विचारलं तर मूळ सांगायचं. सांगितलं की टाळ्या, चोरी पकडली गेली की हुर्यो. गंमत असते ती.

आमच्या बुवांनी अभंग म्हटला. बाबांनी वाजवलं. चणे विकणारेही थांबून ऐकू लागले. पारूकाकी पुढेच बसली होती, पदर तोंडाशी धरून. काळाचौकीचे बुवा, जाडजूड, पानानं रंगलेले, त्यांनी माइक जवळ ओढला.

'बुवांनू, चाल बरी आसा. डोळ्यांत पाणी इलां. पण खंयची ती सांगा.'

'जुनी आसा,' आमचे बुवा म्हणाले.

'किती जुनी? आमच्या पोरग्याच्या कॅसेटीएवढी?'

त्यांचा पुतण्या दादरला कॅसेटच्या दुकानात कामाला होता. त्यानं टेपरेकॉर्डर माइकला लावला. ढोल, गिटार, आणि तो ओरडणारा माणूस, सगळ्या मैदानावर. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग ती खाली उतरणारी ओळ आली, त्या गदारोळातून, आणि मागची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. कोणी उठून नाचून दाखवलं. 'हरे राम हरे दम!' कोणीतरी ओरडलं. हसू मैदानभर पसरत गेलं आणि पुढच्या बायकांपाशी येऊन थांबलं.

पारूकाकी उठली. ती बुवांकडे बघत होती. 'माझ्या झिलाच्या तेराव्याक ह्या वाजवलास? गांजेकसांचा गाणा?'

इथे बुवांनी एवढंच म्हणायचं होतं: होय पारू, इंग्रजी आहे, ठाऊक असून घेतली, कारण चांगली आहे. मी त्यांच्या जागी असते तर त्याच चालीवर बारी जिंकून दाखवली असती. 'देवाक इंग्लिश कळना नाय, असा कोण म्हणता?' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, आमच्या घरात ते वापरून झालं होतं. ते म्हणाले असते तर मैदानानं टाळ्या दिल्या असत्या आणि पारूकाकीचा राग निदान खऱ्या गोष्टीवर झाला असता. बुवांनी मान वळवून मागे बाबांकडे पाहिलं. मग माइकमध्ये म्हणाले:

'माका काय म्हायत? वासून सांगल्यान, कर्नाटकातली जुनी देवळातली चाल आसा. मी विश्वास ठेवलंय.'

मी बायकांतून उभी राहिले. 'खोटं! तुम्ही आमच्या घरी बसून ऐकलंत! तुम्हीच हसून म्हणालात...'

'चेडू बापासाठी बोलता,' बुवा हळूच म्हणाले, पण माइक चालू होता. 'तिचो दोष नाय.'

लोक बाबांकडे बघत होते. ते व्हायोलिन मांडीवर धरून बसले होते आणि गजाच्या काठीला राळ लागलेली असते, ती पुसत होते. मी ओरडले, 'बाबा, सांगा ना!' आईनं माझा हात इतका जोरात ओढला की बांगडी फुटली. बाबांनी गज पेटीत ठेवला, व्हायोलिन ठेवलं, पेटीचे दोन्ही खटके लावले, आणि उठून बायकांच्या बाजूनं गेले, पारूकाकीच्या समोरून. ते तिच्यापुढे थांबले. तिनं तोंड फिरवलं. मग ते गेले.

घरी मी विचारलं, का नाही बोललात? ते म्हणाले, 'त्याच्याजवळ नोकरी नाय, माझ्यासारखीच. मंडळ तरी त्याच्याकडे रवांदे.' मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्यांच्याजवळ तरी काय होतं दुसरं? मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. आई म्हणायची, शैले, गप रव. मी गप्प राहण्यातली नव्हते, पण ऐकायला कोणी नव्हतं. चाळीत ज्याला त्याला मी धरून सांगितलं. लोक म्हणायचे, आता काय फायदा, आणि जिना उतरून जायचे.

मंडळानं बाबांना बोलावणं बंद केलं. तसं कोणी सांगितलं नाही, नुसता निरोप यायचा थांबला. गॅलरीत रियाजाला बसले की पारूकाकी दार लावून घ्यायची, मग ते आत बसू लागले, मग बसेनासे झाले. पास्कल मास्तर दोनदा बोलवायला आले. बाबा त्यांना म्हणाले, 'मास्तर, तिकडे ओळखून हसतात, इकडे ओळखून थुंकतात. आता हात उठत नाही.' मास्तर टोपी उचलून चहा न पिता गेले. संप कधी संपला हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही. काही लोक आत गेले, बाबांना घेतलं नाही. परळला एका इमारतीच्या फाटकावर ते वॉचमन झाले. तिथे स्टुलावर बसलेले असताना मी त्यांना लांबून बघायची. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत असायची, आणि मी जवळ गेले की थांबायची.

ते गेले तेव्हा आमच्याकडे भजन झालं नाही. आमच्या चाळीत मोरीत पाय घसरून मेलेल्या दारुड्याच्या घरीही भजन व्हायचं. बाबांच्या तेराव्याला सतरंजी घातली होती, आईनं बुक्का आणि सुपारी ताटलीत मांडून ठेवली होती. संध्याकाळी तिनं ती सतरंजी स्वतःच गुंडाळली. दिवसभर रस्त्यापलीकडचा डंक तेवढा चालू होता.

आणि पुढच्याच गणपतीत रघुबुवांची कॅसेट निघाली. पहिल्याच बाजूला तो अभंग. बारीत हुर्यो उडवणारेच लोक आता ती मंडपात लावत होते, कारण चाल चांगली होती, आणि चांगली वस्तू लोक टाकून देत नाहीत, ज्यानं आणली त्याला टाकतात. माझ्या बाबांच्या जागी बुवांनी बासरीवाला घेतला होता. वर छापलं होतं: चाल, रघुबुवा.

गेल्या महिन्यात मंडळाची पोरं माझ्या दुकानात आली, स्मरणिकेला जाहिरात मागायला. चांगली पोरं आहेत. बुवांचा सत्कार आहे म्हणाली, वयाची ऐंशी झाली, 'त्यांनी बांधलेल्या त्या अजरामर चालीबद्दल'. मी त्यांना पाणी दिलं, लाडू दिला, आणि जाहिरात दिली नाही. त्यांना कारण कळलं नाही. म्हणून हे लिहिणं.

रघुबुवा, माझे बाबा आता तुमच्याकडून काही ऐकू शकत नाहीत, आणि मला तुमची माफी नको आहे, ती घेऊन मी काय करू? पण पारूकाकी जिवंत आहे. गावी, पुतण्याकडे, नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेले, कान शाबूत. मी दर मे महिन्यात मसाला घेऊन जाते. यंदाही तिनं माझा हात धरून विचारलं, 'शैले, तुझ्या बापसान माझ्याशी खोटा कित्याक केल्यान गो? माझा पोरगा त्येच्याच जवळ बसायचा.' मी तिला सगळं सांगितलं, दर वर्षी सांगते. ती मान हलवते आणि म्हणते, तू त्येचा चेडू, तू असाच म्हणतलंस. हे तुमचेच शब्द, बुवा. तुमच्या माइकवरचे.

तिच्या मनात दिनूचा तेरावा नासून पडला आहे. तो माझ्यानं साफ होत नाही. तो एकट्या तुमच्यानं होईल. सत्काराला माइक असेलच. तिथे सांगा, की ती चाल इंग्रजी आहे हे तुम्हांला आमच्या घरी बसूनच ठाऊक झालं होतं, की वासूनं तुम्हांला टेप लावू का म्हणून विचारलं होतं आणि तुम्ही नको म्हणालात, की त्या दिवशी बारीत तुम्ही खोटं बोललात. तिथे जमत नसेल तर गावी चला, गाडी मी करते, तिच्या खाटेपाशी बसून सांगा. तेही जमत नसेल तर पुतण्याच्या घरी फोन आहे. तुमचा आवाज अजून शाबूत आहे असं पोरं सांगत होती. मग बोला. ती चाल खंयची, बुवा?